लायटिंगला शिव्या देऊ नका, आधी टाकी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'दिवाळीत वीज वाचवा' म्हणून एक चौकट आली होती, त्यात पहिलाच मुद्दा होता की घरावरच्या माळा कमी लावा आणि लावल्याच तर लवकर बंद करा. दरवर्षी अशी चौकट येते, दरवर्षी आमच्या सोसायटीत कुणीतरी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि मग जे भांडण लागतं ते थेट भाऊबीजेपर्यंत पुरतं. मी कोथरूडमधल्या एका ४८ फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार आहे, त्याआधी तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकडा समोर असल्याशिवाय मला नीट भांडता येत नाही. म्हणून मागच्या दिवाळीत मी सगळं मोजून काढलं. तेच लिहितेय, थोडं लांबलंय, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

तर झालं असं की मागच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या मीटिंगमधे लायटिंगचा विषय निघाला. आमच्याकडे एक काका आहेत, माणूस चांगला, पण त्यांचं म्हणणं की अख्ख्या बिल्डिंगवर रात्रभर लायटी म्हणजे शुद्ध उधळपट्टी, आपल्या मेंटेनन्सचे पैसे जळतायत. पोरं म्हणाली काका वर्षातनं एकदा सण येतो. मग कुणीतरी दहा दिवसांऐवजी पाचच दिवस लावू म्हणालं, कुणी म्हणालं फक्त गेटवर लावू, आणि असा दीड तास गेला. शेवटी ठरलं काय तर पुढच्या मीटिंगमधे ठरवू.

मुलाने कधीतरी ऑनलाइन मागवलेला एक वॉटमीटर घरात पडून होता, प्लगमधे घालायचा, मग त्यात आपलं तोरण लावायचं की किती वॉट खातंय ते समोर दिसतं. गच्चीवरून सोडायची एक एलईडी माळ लावून बघितली, ८ वॉट. अशा आमच्या ३० माळा, म्हणजे सगळं मिळून २४० वॉट. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालू ठेवल्या तरी रात्रीला पावणेतीन-तीन युनिट, दहा रात्रींचे २९ सुद्धा पूर्ण होत नाहीत. युनिटला बारा रुपये धरले तरी साडेतीनशेच्या आत. भागिले ४८ फ्लॅट, दर घरामागे सात रुपये आणि काही पैसे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे रात्री बाराला बंद केल्या असत्या तर घरामागे साडेतीन रुपये वाचले असते. त्या मीटिंगमधे आम्ही जो चहा प्यायलो त्याचं बिल याहून जास्त होतं, आणि ते व्हाउचर मीच पास केलंय.

पूर्वी ही गोष्ट खरी होती हे मान्य. आमच्या लहानपणी झिरोच्या बल्बची माळ असायची, लाल हिरवे पिवळे, आणि सगळ्यांना वाटायचं झिरोचा बल्ब म्हणजे वीज झिरो. तो बल्ब चांगला १२ ते १५ वॉट खातो हो! जुन्या चकतीवाल्या मीटरला एवढा छोटा लोड नीट कळायचा नाही म्हणून त्याचं नाव झिरो पडलं, बाकी काही नाही. असे २४ बल्ब एका माळेत धरले तर ३६० वॉट झाले, म्हणजे आज आमची अख्खी बिल्डिंग जेवढी खाते त्याहून जास्त तेव्हा एका गॅलरीतली एक माळ खायची. आकाशकंदिलाचंही तेच. त्यात ६० चा पिवळा बल्ब असायचा, बारा तास आणि पंधरा दिवस धरले तर जवळजवळ ११ युनिट. २०१५ ला सरकारची उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले, आता त्याच कंदिलात ९ वॉटचा बल्ब दीड-पावणेदोन युनिटमधे दिवाळी काढतो. तरी आमच्याकडे अजून दोन घरं अशी आहेत जी मुद्दाम जुना ६० चा शोधून लावतात कारण एलईडीचा उजेड पांढराफटक वाटतो. अहो पिवळ्या उजेडाचा एलईडीसुद्धा मिळतो, तपकीर गल्लीत जाऊन वॉर्म व्हाइट द्या म्हणा, देतात.

म्हणजे काम जे व्हायचं होतं ते दहा वर्षांपूर्वीच होऊन गेलंय आणि आपण अजून त्याच माळेच्या मागे लागलोय.

आता खरी वीज कुठे गेली ते सांगते, आणि यातला पहिला गुन्हा माझाच आहे. धनत्रयोदशीला आमच्याकडे रांगोळी स्पर्धा असते. बायकांना दिसत नाही म्हणून मीच डेकोरेटरला सांगून ५०० वॉटचे दोन हॅलोजन पार्किंगमधे लावून घेतले. स्पर्धा साडेनऊला संपली, बक्षिसं वाटली, सगळे वर गेले, आणि हॅलोजन राहिले चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला म्हणाला ताई लाइट चालू आहेत, मी म्हटलं वॉचमन करेल बंद. वॉचमनला वाटलं मॅडमनी लावलेत म्हणजे हात कसा लावायचा. दोन रात्री दोन हॅलोजन, बारा बारा तास धरा, २४ युनिट गेले. ज्या दहा रात्रींच्या लायटिंगवरून दीड तास भांडलो ती २९ ची, आणि हे २४ युनिट माझ्या एकटीच्या कृपेने दोन रात्रीत. मीटिंगमधे मी हे स्वतःहून सांगितलं, काका पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

दुसरी गोष्ट पंप. आमच्या खालच्या टाकीवरचा पंप ५ एचपीचा, म्हणजे तासाला पावणेचार युनिटच्या आसपास. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे सगळीकडे धुणी, पडदे, गोधड्या, सतरंज्या, फरशा, गॅलऱ्या, आणि पाणी दुप्पट लागतं म्हणून वॉचमन पंप लावून ठेवतो आणि मधेच कुणाचं तरी पार्सल येतं, कुणाची तरी गाडी आडवी लागलेली असते, तो तिकडे जातो आणि वरची टाकी भरून वाहायला लागते. गच्चीवरून पाइपातून धो धो आवाज येतो, आपण सगळे आपापल्या घरात तो ऐकतो आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी फोन करेल. मी घड्याळ लावून बघितलंय, एकदा पाऊण तास वाहिली. पाऊण तास पंप म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं एका रात्रीचं लायटिंग, शिवाय खडकवासल्याहून आलेलं, शुद्ध केलेलं पाणी पन्हाळीतून गटारात गेलं ते वेगळंच. दिवाळीच्या महिन्यात असं किती वेळा झालं ते मी मोजणार होते पण चार वेळानंतर वहीत लिहायचं सोडून दिलं, चिडचिड व्हायला लागली. टाकीत एक फ्लोट स्विच बसवला की पाणी वर आल्यावर पंप आपोआप बंद होतो, फार मोठं इंजिनियरिंग नाही. गेली तीन वर्षं तो विषय आमच्या मीटिंगच्या अजेंड्यावर शेवटचा असतो आणि तिथपर्यंत आम्ही कधी पोचतच नाही, कारण आधी लायटिंग असतं.

तिसरा गिझर. आता अभ्यंगस्नानाला कुणी गार पाणी घ्या असं मी म्हणणार नाही, नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून कडकडीत पाणी पाहिजे म्हणजे पाहिजेच. पण २५ लिटरची टाकी गार पाण्यापासून चांगली तापवायची म्हणजे साधारण एक युनिट जातं. एक युनिट म्हणजे किती, तर वर सांगितलेली एक माळ दहाही रात्री संध्याकाळ ते सकाळ लावली तर जेवढी जाते तेवढी. बरं ती वापरली तर ठीक, पण आमच्याकडे नणंद, भाचे, सासूबाई सगळे जमतात आणि पहाटे घाई नको म्हणून रात्री झोपतानाच गिझर लावून ठेवायची पद्धत पडलीय. रात्रभर टाकी गार होणार, परत तापणार, परत गार होणार, आणि आपण झोपलेलो. साडेचारला कुणीतरी उठणारच असतं ना फुलबाज्या लावायला, त्यालाच सांगा. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांचं वेगळंच, गरम पाणी नळाला येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून देतात. ती बादली बाजूला ठेवा, अंगणात सडा घालायला होते.

घरच्या मीटरला दिवाळीत अजून एक गंमत होते. महावितरणचे दर टप्प्यांचे, १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा. एरवी पावणेतीनशेत बसणारं घर पाहुणे आले की तीनशे ओलांडतं आणि वरच्या युनिटांना दर एकदम चढा लागतो. सगळ्या बिलाला नाही लागत, फक्त वरच्या युनिटांना, हे मला आमच्या जिन्यातल्या निम्म्या लोकांना कागदावर काढून दाखवावं लागलं. पण ती जी वरची युनिटं असतात ना ती कशाची असतात ते शोधलं तर कंदिलाची नसतात, गिझरची असतात, आणि जे लोक दिवाळीला गावी जातात त्यांच्या बंद घरातली असतात. हे मला फार गमतीचं वाटतं. घराला कुलूप, आत फ्रिज चालू, त्यात अर्धं लिंबू आणि एक पाण्याची बाटली. आमचा जुना फ्रिज दिवसाला एक युनिट खातो, आठ दिवस कोकणात गेलो तर ते लिंबू आठ युनिटला पडलं. सेटटॉप बॉक्सचा लाल दिवा चालूच, तोही दिवसरात्र दहाएक वॉट खात बसतो, टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद झाला असं नसतं. जाताना फ्रिज रिकामा करा, पुसा, दार थोडं उघडं ठेवून काहीतरी अडकवा नाहीतर आल्यावर कुबट वास येतो, आणि मेन स्विच खाली. बाहेर कंदील पाहिजे असेल तर तो शेजाऱ्यांच्या पॉइंटवर लावून जा, शेजारी नाही म्हणत नाहीत, आणि म्हणाले तर बिल दीड-पावणेदोन युनिटचं आहे, आल्यावर चार चकल्या द्या.

चकल्यांवरून आठवलं. आता फराळ, आणि इथे मला शिव्या बसणार आहेत माहितीय.

एरवी आमचा सिलिंडर ४५ दिवस जातो, १४.२ किलोचा. दिवाळीच्या महिन्यात तो पस्तिसाव्या दिवशी संपला. म्हणजे फराळाला साधारण तीन किलो गॅस जादा गेला. एक किलो गॅसमधे पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते असं मुलाने सांगितलं, त्यामुळे तीन किलोचे झाले ३८ युनिट. मी म्हटलं बघ, आपल्या एका घरचा फराळ अख्ख्या बिल्डिंगच्या लायटिंगपेक्षा भारी. तो म्हणाला आई असं नसतं, चंद्रपूरला आणि कोराडीला कोळसा जाळून वीज करतात तेव्हा एक युनिट काढायला तीन युनिटची उष्णता जळते, धूर चंद्रपूरवाल्यांच्या नाकात आणि उजेड आपल्या गॅलरीत, त्यामुळे तुझे २९ म्हणजे ८६ धर. बरं बाबा, धरले ८६. तरी ती सव्वादोन घरांच्या फराळाची ऊर्जा झाली, आणि आमच्याकडे घरं ४८ आहेत.

फराळ करू नका असं मी कुठे म्हणतेय? माझ्या स्वतःच्या हातच्या अनारशांना अजून जाळी पडते आणि तो आनंद मी कुणाला देणार नाही. प्रश्न खाल्लेल्याचा नाहीच, प्रश्न टाकलेल्याचा आहे. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, आपणच खत करतो. तुळशीच्या लग्नानंतर त्या खड्ड्यात काय काय येतं ते एकदा येऊन बघा. खवट चिवडा पिशव्याच्या पिशव्या, मऊ पडलेली शेव, शंकरपाळे, वास लागलेले करंजीचे सारण, आणि भेट आलेली मिठाई तर डब्यासकट. तेलकट आणि गोड इतकं एकदम आलं की खड्ड्याला वास सुटतो, मुंग्या येतात, मग उंदीर येतात, मग उंदरांवर मीटिंग होते. पाच घरांत ताट द्यायचं म्हणून पाच किलोचा चिवडा करायचा, ती पाच घरंही आपल्याला तोच चिवडा देणार, आणि सगळ्यांचा मिळून नोव्हेंबर अखेरीस माझ्या खड्ड्यात भेटतो.

यावर आम्ही चार बायकांनी मागच्या वर्षी एक केलं, वाटून घेतलं. मी अनारसे आणि कडबोळी, समोरच्या वहिनी चिवडा, खालच्या मजल्यावरच्या काकू लाडू, आणि चौथीने चकली. एका कढईचं तेल तापवायचं ते चार घरांसाठी एकदाच. पहिल्या दिवशी तेल तापवा, मग शेवटी उरलेलं ठेवा, परत दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांना तेच, असं एकेका घरात जे चालतं ते बंद झालं, गॅस किती वाचला ते खरं सांगायचं तर नाही मोजलं कारण सिलिंडर चौघींकडे वेगवेगळ्या दिवशी लागलेले. पण खड्ड्यात आमच्या चार घरांचं काही गेलं नाही एवढं छातीठोक सांगते. एक तोटा झाला, वहिनींच्या चिवड्यात मनुका असतात आणि ह्यांना चिवड्यात मनुका चालत नाहीत. मनुका वेचून बाजूला ठेवत चिवडा खाल्ला.

उरलेल्या तेलाचंही सांगून टाकते. मागे आमच्या बी विंगचा चेंबर तुंबला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, प्लंबरने आतून जे काढलं ते बघून मला वाटलं मेणबत्ती काढतोय, पांढरा गोळा नुसता. सिंकमधे गरम असताना ओतलेलं तेल-डालडा खाली जाऊन थिजतं. थोडंच उरलं असेल तर गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, काळं झालेलं असेल तर जुन्या पेपरात टिपून ओल्या कचऱ्यात थोडं थोडं टाका, पण सिंकमधे नको. (तुमच्या पेपराचा एवढा उपयोग मी करते. चकल्या मात्र त्यावर काढत नाही, छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्नसुरक्षावाल्यांनी वर्तमानपत्रात खायचं बांधू नका असं सांगितलेलं आहे.)

आता डबे. भेट म्हणून आलेला एक ड्रायफ्रूटचा डबा मी उलगडून वजन केला, कारण तोपर्यंत मला वजनं करायचं वेडच लागलं होतं. बाहेर चमकी कागद, मग पुठ्ठ्याचं खोकं, मग त्यात सोनेरी प्लास्टिकचा ट्रे, ट्रेमधे चार वाट्या, वाटीवर परत झाकण, आणि आत काजू बदाम मिळून २०० ग्रॅम. बाकी सगळा संसार २६० ग्रॅमचा. मिठाईच्या डब्यावर गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच्या यादीत आहे, सजावटीचा थर्माकोल पण त्यातच आहे, आणि आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी चालू आहे. दुकानात बघा तुम्हाला काय दिसतं ते. मी आता मिठाईला घरचा स्टीलचा डबा घेऊन जाते. पहिल्या वेळी दुकानातला पोरगा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी उधारी मागतेय. मी म्हटलं काट्यावर रिकामा डबा ठेव, शून्य कर आणि मग पेढे घाल. तेव्हा कळलं की एरवी पुठ्ठ्याचा डबाही पेढ्याच्या भावाने तोलत होते, खरं तर डब्याचं वजन मालात धरायचं नाही हा वजनमापाचा नियम आहे. म्हणजे कचरा कमी झाला तो झाला, वर दोन पेढे जास्त आले. पर्यावरणासाठी नाही तर निदान पेढ्यांसाठी तरी न्या डबा.

पार्सलच्या खोक्यांबद्दल एकच, ती फाडून सपाट करून कोरडी द्या. आमच्याकडे कचरा घ्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात, ही कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे, पुणेकरांना सांगायला नको. कोरडा पुठ्ठा त्यांना विकता येतो, त्याचे पैसे त्यांचे. तोच पुठ्ठा शिळ्या भाजीखाली भिजला की त्याला कोणी विचारत नाही. आपल्याला दोन मिनिटं लागतात, त्यांचा त्या दिवसाचा वरचा पैसा असतो तो.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं हे पत्र लिहायला बसले ते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या तेव्हा बोटाला चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या फुलबाजीच्या तारा. आपण रात्री फुलबाज्या उडवतो, तार तिथेच टाकतो, सकाळी कुणीतरी झाडून गोळा करून पिशवीत भरतं, त्याच पिशवीत फुटलेली पणती, त्यात एखादा फुटका बल्ब, वर निर्माल्य, आणि गाठ मारून दाराबाहेर. ताईंनी वेगळं करायला पिशवीत हात घातला की तार आत. ग्लोव्ह्ज आहेत म्हणाल्या पण तार त्यातून जाते. आदल्या संध्याकाळी मी स्वतः केरसुणीला हळदकुंकू वाहिलं होतं, लक्ष्मी म्हणून पाया पडले होते, लाह्या बत्तासे ठेवले होते. आणि सकाळी हे. मला काही बोलता आलं नाही. फराळाची पिशवी दिली त्यांना, त्या घेऊन गेल्या, पुढच्या दाराला गेल्या.

त्यामुळे यंदा खाली दोन बादल्या ठेवणार आहोत. एकीत वाळू, विझलेल्या फुलबाजीची तार त्यात खोचायची, पोरांचा पायही भाजणार नाही, आणि नंतर सगळ्या तारा एकत्र लोखंडाच्या भंगारात जातील. दुसरी फुटक्या पणत्या आणि काचेसाठी, वर मोठ्या अक्षरात लिहून. झेंडूच्या माळांचे दोरे आधी ओढून काढायचे, हल्ली दोरा नायलॉनचा असतो, तो खतात वर्षानुवर्षं तसाच निघतो, मागच्या वर्षीच्या खतात मला संपूर्ण तोरण सापडलं, फक्त झेंडू नव्हते. आणि फटाक्यांचा कागद खतात नको, त्यात बारूद असते. फटाक्यांच्या बाकीच्या विषयावर मी काही लिहीत नाही, त्यावर तुम्हाला पंचवीस पत्रं येतीलच.

एलईडी माळांची बाजू घेऊन एवढं लिहिलं तर त्यांचा दोषही सांगायला हवा. त्या वीज खात नाहीत पण टिकतही नाहीत. शंभर रुपयांची माळ, एक दिवाळी, फार तर दोन, मग अर्धी पेटते अर्धी नाही, आणि आपण ती गोळा करून कचऱ्यात टाकतो आणि नवी आणतो. आमच्या ३० मधल्या ११ माळा माळ्यावरून काढल्या तेव्हा अशाच होत्या. पोरं म्हणाली फेका, मी त्या पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेल्या, म्हातारा माणूस आहे, त्याच्याकडे आता फारसं कोणी जात नाही. त्याने दाखवलं की माळेत दिवे गटागटाने एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला एक गेला किंवा एक डाग सुटला की तो अख्खा गट विझतो, बाकीचे ठीक असतात. काहींत फक्त ती आठ प्रकारे लुकलुक करणारी कंट्रोलरची डबी गेलेली. अकरातल्या आठ त्याने सुरू करून दिल्या, माळेला वीस रुपये. उरलेल्या तिघींच्या वायरी पुढच्या दुरुस्तीला लागतील म्हणून त्यानेच ठेवून घेतल्या. मला तर वाटतं दिवाळीच्या आधी एक रविवार प्रत्येक सोसायटीने अशा माणसाला खाली टेबल टाकून बसवावं, नव्या माळा आणायच्या आधी.

माझा स्वतःचा आकाशकंदील नऊ वर्षांचा आहे. बोहरी आळीतून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणलेला, दरवर्षी फक्त कागद बदलते, खळ करून चिकटवते, नातू शेपट्या कापतो, वाकड्या. तो लावते आणि रात्रभर ठेवते. सकाळी सहाला बंद करते. मला त्याबद्दल काडीची लाज वाटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या चौकटीत माळांचा मुद्दा शेवटी टाका आणि पहिला मुद्दा पंपाचा घ्या, दुसरा गिझरचा. आणि राग मानणार नसाल तर अजून एक, दिवाळीच्या आठवड्यात तुमचा पेपर उघडायच्या आधी वरची चकचकीत जाहिरातींची पानं बाजूला काढावी लागतात. मी त्यांचंही वजन केलंय, पण ते इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही पत्र छापणार नाही.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
कोथरूड, पुणे

ता. क. : पत्र लिहून संपवलं आणि गच्चीवरून धो धो आवाज यायला लागलाय. वॉचमन फोन उचलत नाहीये. जाते खाली.